नंतर बदलता येणार नाही, ते आधी बघा

पत्र: "आमच्या घरी नऊ वर्षांचा डेस्कटॉप आहे. गेलं वर्षभर त्याचं काही खरं नाही. सकाळी चालू केला की भलतीच तारीख दाखवतो, मग बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडवते. चालू व्हायलाच इतका वेळ घेतो की बटण दाबून मी दुसऱ्या कामाला लागते. मुलीचा ऑनलाइन क्लास सुरू असताना अचानक बंद पडतो आणि आपोआप परत सुरू होतो. मी घरून अनुवादाचं आणि दोन-तीन छोट्या व्यावसायिकांच्या हिशेबाचं काम करते, त्यामुळे आता लॅपटॉप घ्यायचाच असं ठरवलंय. दुकानदार म्हणतो, आय-७ आणि एक टीबी घ्या डोळे झाकून. भाचा म्हणतो, मावशी, गेमिंगचाच घे, तेच टिकतात. मिस्टरांचं म्हणणं, दुरुस्त होतोय तर नवा कशाला? मुलगीही तोच वापरेल, अधूनमधून कॉलेजला नेईल. सगळे फोटो जुन्यातच आहेत. पुन्हा पुन्हा खर्च करायचा नाही. कोणता घेऊ, एकच नाव सांगा."

ताई, एकच नाव मी सांगणार नाही, आणि सांगितलं तरी तुमच्या कामी येणार नाही. झाकणावर एकच नाव असलेला लॅपटॉप आतून चार-पाच तऱ्हांचा निघतो. एकात रॅम ८ जीबी, दुसऱ्यात १६. एकाची स्क्रीन चांगली, दुसऱ्याची फिकट. प्रोसेसर तर दोन कंपन्यांचेसुद्धा असतात. त्यात ही मॉडेलं दर काही महिन्यांनी बदलतात. तेव्हा नावापेक्षा त्याच्या शेजारी लावलेला बारीक अक्षरांतला कागद कसा वाचायचा, ते सांगतो.

पण आधी जुन्या मशीनबद्दल. तुम्ही लिहिलंय 'त्याचं काही खरं नाही', पण तुमच्या वर्णनावरून हे एक दुखणं दिसत नाही, तीन दिसतात, आणि तिन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

तारीख चुकते त्याला बहुतेक मदरबोर्डवरचा बटण सेल कारणीभूत आहे. सीआर२०३२ नावाचा, ३ व्होल्टचा, नाण्यासारखा सेल असतो. रात्री तुम्ही भिंतीवरचं बटण बंद करत असाल, तर तेवढ्या वेळात कॉम्प्युटरचं घड्याळ हा सेल चालवतो. तो संपला की घड्याळ कुठल्या तरी जुन्या तारखेवर जातं. बँकेची साइट आपली ओळख पटवायला जे प्रमाणपत्र दाखवते, त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. तुमचा कॉम्प्युटर काही वर्षं मागे असेल तर त्याच्या मते ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही, म्हणून तो अडवतो. म्हणजे बँकेच्या साइटचं काही बिघडलेलं नाही आणि व्हायरसही नाही. सेल बदलला की हा त्रास संपतो.

चालू व्हायला वेळ लागतो, तो हार्ड डिस्कमुळे असणार. कॅबिनेटवरचा छोटा दिवा बघा. चालू करताना तो सतत पेटलेला राहत असेल तर बाकी सगळे डिस्कची वाट बघत बसलेत असं समजा. फिरत्या तबकडीवर प्रत्येक तुकडा शोधायला सुई हलवावी लागते, त्यामुळे इकडे-तिकडे विखुरलेलं वाचायचं तर सेकंदाला जेमतेम शंभरेक तुकडे होतात. एसएसडीत, म्हणजे चिपांवर साठवणाऱ्या नव्या धर्तीच्या डिस्कमध्ये, हलणारं काही नसतंच, तिथे हा आकडा हजारोंत जातो. आजची विंडोज एसएसडी गृहीत धरूनच चालते.

तिसरं दुखणं म्हणजे क्लास चालू असताना बंद पडणं. व्हिडिओ कॉलमध्ये प्रोसेसरवर बराच वेळ सलग ताण येतो, आणि तेव्हाच पडतो म्हटल्यावर संशय दोघांवर: आतली उष्णता किंवा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. निळी स्क्रीन येऊन काही मजकूर दिसत असेल तर रॅम, ड्रायव्हर, डिस्क असं काहीतरी बघावं लागतं. काहीही न सांगता दिवा विझल्यासारखा बंद होत असेल तर वीज किंवा उष्णता. प्लग काढून बाजूचं पॅनल उघडा. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गादी बसलेली असेल तर ती आधी साफ करा. मदरबोर्डवरच्या छोट्या नळकांड्यांची डोकी सपाट हवीत. फुगलेली असली तर त्या बोर्डावर खर्च करण्यात अर्थ नाही. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. दुरुस्तीवाले कधीकधी विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल पॉवर ४१' दाखवून 'बघा, पॉवरचाच प्रॉब्लेम' म्हणतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. कारण त्यात नसतं. बंद पडलं हे तुम्हाला माहीतच होतं.

म्हणजे मिस्टर चुकीचं बोलत नाहीत. सेल, साफसफाई, एसएसडी आणि गरज पडली तर एसएमपीएस, एवढ्यात तो डेस्कटॉप उठून बसेल. तरीही कामासाठी त्याच्यावर अवलंबून राहू नका, असंच मी म्हणेन. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले. विंडोज ११ ज्यांवर चालतं त्या प्रोसेसरांची अधिकृत यादी इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. नऊ वर्षांपूर्वी दुकानात मिळणारे प्रोसेसर बहुतेक सहाव्या-सातव्या पिढीतले होते. दुसऱ्यांचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार अशा मशीनवर ठेवणं बरं नव्हे. सेल आणि छोटी एसएसडी घालून, वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून, तो घरातला दुसरा कॉम्प्युटर म्हणून ठेवा. मुलगी लॅपटॉप कॉलेजला घेऊन गेली त्या दिवशी त्याची आठवण येईल.

आणि फोटो? नवा लॅपटॉप येईपर्यंत थांबू नका. एक बाहेरची डिस्क आणा आणि फोटो आणि हिशेबाच्या फाइली आधी तिच्यावर कॉपी करा. संथ झालेली नऊ वर्षांची डिस्क आता किती दिवस काढेल, ते कुणीच सांगू शकत नाही. कॉपी करताना 'टक, टक' असा आवाज यायला लागला तर मशीन बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे द्या. तपासणीचे प्रोग्राम चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला ते सगळी तबकडी पालथी घालायला लावतात, आणि बऱ्याचदा ती तिथेच संपते.

आता लॅपटॉप. दुकानातल्या गप्पा प्रोसेसर आणि टीबीभोवती फिरतात. मी उलटीकडून सुरुवात करतो. लॅपटॉपमध्ये काही गोष्टी नंतर बदलता येतात, काही कधीच येत नाहीत. ज्या येत नाहीत त्यांच्यावर आज पैसे घाला. ज्या येतात त्यांच्यावर आज वाचवा. 'पुन्हा पुन्हा खर्च करायचा नाही' या तुमच्या अटीला दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.

पहिली रॅम. डेस्कटॉपची रॅम पट्टी काढून दुसरी लावता येते. पातळ लॅपटॉपांत हल्ली ती मदरबोर्डवर थेट सोल्डर केलेली असते. माहितीच्या कागदावर 'डीडीआर'च्या आधी 'एलपी' लिहिलेलं दिसलं, म्हणजे 'एलपीडीडीआर५' वगैरे, तर जवळजवळ नक्की सोल्डर आहे असं धरा. जेवढी घ्याल तेवढीच शेवटपर्यंत. तुमचं काम डोळ्यांसमोर आणा: एका बाजूला मूळ मजकूर, दुसऱ्या बाजूला अनुवाद, ब्राउझरमध्ये शब्दकोशाच्या पंधरा-वीस खिडक्या, मागे हिशेबाचं सॉफ्टवेअर, आणि मध्येच क्लायंटचा व्हिडिओ कॉल. ८ जीबीवर हे आज रखडत चालेल, आणखी तीन वर्षांनी चालणार नाही. १६ घ्या. ३२ तुम्हाला लागत नाही, भाच्याने कितीही सांगितलं तरी. ८ जीबीचा लॅपटॉप बाकी सगळ्या बाबतींत आवडला, तर दुकानदाराला एकच विचारा: 'आत रॅमचा स्लॉट रिकामा आहे का?' हो म्हणाला तर घेताना तिथेच दुसरी पट्टी बसवून घ्या. दोन पट्ट्यांचा आणखी एक फायदा असतो. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या लॅपटॉपात चित्र दाखवायचं कामही याच रॅममधून होतं, आणि दोन पट्ट्यांमुळे तिथला रस्ता रुंद होतो. उत्तर 'बहुतेक असेल' असं आलं, तर मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन कंपनीच्या साइटवर स्वतः बघा.

दुसरी स्क्रीन. याबद्दल दुकानात सगळ्यात कमी बोललं जातं, आणि तुम्हाला दिवसभर बघायची आहे तीच. 'फुल एचडी' म्हणजे फक्त ठिपक्यांची संख्या. रंग आणि उजेड कसा आहे, हे त्यातून कळत नाही. आधी पॅनल आयपीएस, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारं, आहे का ते विचारा. मग निट्समधला उजेड. २५० निट्स असेल तर पडदे ओढलेल्या खोलीत ठीक, खिडकीजवळ बसायचं असेल तर ३०० च्या वर हवा. रंगांचा आवाका सांगणारं '४५ टक्के एनटीएससी' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर रंग धुतल्यासारखे फिके असणार. अनुवादाला त्याने काही बिघडत नाही, पण फोटो बघताना दर वेळी खटकेल. दुकानात एक कोरं पांढरं पान उघडा, उजेड पूर्ण वाढवा, स्क्रीन मागे झुकवा, पुढे आणा, बाजूला उभ्या राहून बघा. पांढऱ्याचं राखाडी किंवा पिवळट होत असेल तर दुसरा दाखवायला सांगा. चकचकीत काचेत दुकानातले दिवे दिसतात, तसे घरी तुमच्या मागचे दिवे दिसतील. तुम्हाला मॅट बरी.

आणखी एक. जुन्या धर्तीच्या स्क्रीन १९२० बाय १०८० असतात, बऱ्याच नव्या १९२० बाय १२०० असतात. उंचीत १२० ठिपके जास्त, म्हणजे हिशेबाच्या तक्त्यात आणखी काही ओळी आणि अनुवादात कदाचित एक परिच्छेद, वर-खाली न सरकवता दिसतो. दोन लॅपटॉपांमध्ये अडकलात तर या १२० ठिपक्यांवर निर्णय घ्यायला माझी हरकत नाही.

तिसरा की-बोर्ड. दुकानात उभ्याने दोन शब्द मारून तो कळत नाही. खुर्ची मागा, बसा आणि एक सबंध परिच्छेद टाइप करा. दुकानदार घड्याळाकडे बघेल, बघू द्या. मधल्या भागावर बोटं पडली की पत्रा खाली दबतो का, बाणांच्या की अर्ध्या उंचीच्या आहेत का, चालू-बंदचं बटण डिलीटच्या अगदी शेजारी आहे का, हे तेवढ्यातच कळतं. हिशेबासाठी तुम्हाला उजवीकडचा आकड्यांचा पॅड हवासा वाटेल. तो बहुतेक १५.६ इंची आणि त्याहून मोठ्या लॅपटॉपांत मिळतो, पण त्यामुळे टाइप करायच्या की आणि टचपॅड डावीकडे सरकतात, आणि अनुवाद करताना तुम्ही दिवसभर किंचित तिरक्या बसता. माझा कल १४ इंचीकडे आहे. आकड्यांचा पॅड यूएसबीने वेगळा जोडता येतो, लागेल तेव्हा काढता-घालता येतो, आणि मुलीच्या पाठीवरचं ओझंही कमी.

बिजागऱ्याही बघून घ्या. स्वस्त लॅपटॉपांत धातूची बिजागरी प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या छोट्या पितळी नटांवर तोललेली असते. दोन-तीन वर्षं झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की ते नट प्लॅस्टिकमधून सुटतात, कोपरा उचकटतो, कधी स्क्रीनची वायरही तुटते. मग झाकण, चौकट सगळंच बदलावं लागतं. दुकानात झाकण मध्यभागी धरून उघडा आणि लॅपटॉप हलकेच हलवा. स्क्रीन डुलत राहिली तर मी तो घेणार नाही. आणि घरी मुलीला झाकण मधूनच उघडायची सवय लावा.

आता तो आय-५ की आय-७. प्रोसेसरही नंतर बदलता येत नाही, त्यामुळे तो दुय्यम आहे असं मी म्हणत नाही. पण स्टिकरवरून तो कळत नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीतली एक जोडी घ्या: आय-७ १२५५यू आणि आय-५ १२४०पी. पहिल्यात दमदार कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, २ आणि किफायतशीर कोअर ८. दुसऱ्यात दमदार ४ आणि किफायतशीर ८. स्टिकरवर सात असलेल्याच्या पोटात पाचवाल्यापेक्षा कमी ऐवज आहे. शेवटचं अक्षर बघायचं ते यासाठी. यू म्हणजे कमी वीज खाणारा आणि थंड राहणारा, पी मधला, एच जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा.

एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीकडे आणखी गंमत आहे. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू, ७५४०यू ही तीन नावं एका आईची तीन मुलं वाटतात. फरक तिसऱ्या आकड्यात आहे. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, २०१९ साली आलेली रचना. ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३, २०२० ची. ७५४०यू मधला ४ म्हणजे झेन ४, २०२२ ची. पहिल्यात कोअर ४, उरलेल्या दोन्हींत ६. स्टिकर तिघांवरही 'रायझन ५'. दुकानातल्या मुलाला हे बहुधा ठाऊक नसतं, त्याचा दोष नाही. नावंच अशी ठेवलीत. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलनेही 'आय' काढून 'कोअर अल्ट्रा' आणि नुसतं 'कोअर' अशी नावं द्यायला सुरुवात केली, त्यामुळे 'आय-७ घ्या' हा सल्ला तसाही जुनाच. पूर्ण क्रमांक लिहून घ्या आणि घरी येऊन शोधा.

तुमच्या कामाला गेल्या तीन-चार वर्षांतला, मधल्या ताकदीचा कुठलाही प्रोसेसर पुरून उरेल. पाचातून सातात जायला जे जास्तीचे पैसे लागतात ते १६ जीबी रॅम आणि चांगल्या स्क्रीनकडे वळवा. फक्त अगदी स्वस्त लॅपटॉपांत येणारे एन१०० सारखे प्रोसेसर तुमच्यासाठी नकोत. चित्रफीत बघायला, पत्र लिहायला ते चांगले आहेत, पण तुम्हाला त्यावर पाच-सहा वर्षं पोट भरायचंय.

भाच्याचं गेमिंगचं म्हणणं पूर्ण टाकाऊ नाही. त्या लॅपटॉपांत हवा खेळती असते, रॅमचे स्लॉट बहुधा मोकळे असतात. पण तुमच्या घरी ते ग्राफिक कार्ड करणार काय? वजन बहुतेक दोन किलोंच्या वर, चार्जर विटेएवढा, बॅटरी लवकर संपते आणि पंखा बोलायला लागला की क्लासमधल्या बाकीच्यांना ऐकू जातो. मुलगी आर्किटेक्चर किंवा अ‍ॅनिमेशनसारखं काही शिकत असेल तर गोष्ट वेगळी. मग कॉलेजात कोणतं सॉफ्टवेअर वापरतात ते तिला विचारा आणि त्या सॉफ्टवेअरच्या गरजा बघून ठरवा.

आता बदलता येणाऱ्या गोष्टी, म्हणजे जिथे हात आखडता घ्यायचा. एक टीबी कशाला? आजच्या कॉम्प्युटरवर 'धिस पीसी' उघडून एकूण किती जागा वापरली गेलीय ते बघा. बहुतेकांना ५१२ जीबी पुरते. (चालू केल्यावर ४७६ च दिसेल, फसवलं म्हणून दुकानात जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.) बऱ्याचशा लॅपटॉपांत एसएसडी एका स्क्रूवर बसवलेली असते, पुढे मोठी लावता येते. तेवढं घेण्याआधी विचारून ठेवा. एसएसडीच्या जागी 'ईएमएमसी' लिहिलेलं असेल तर मात्र घेऊ नका; ती बोर्डावर चिकटवलेली असते आणि संथही. एसएसडी 'जेन ३' की 'जेन ४' यावर वाद घालत बसू नका, तुमच्या कामात फरक जाणवणार नाही.

बॅटरीही वर्षागणिक थकते आणि बहुतेक लॅपटॉपांत बदलून मिळते. 'अठरा तास चालते' या जाहिराती उजेड कमी ठेवून, चित्रफीत लावून केलेल्या चाचणीवरच्या असतात. वॉट-अवरचा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचा, आकडा बघा, पन्नासच्या आसपास असला की चांगलं. घरी सतत चार्जरवर ठेवणार असाल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती चालू करा.

विंडोजच का, मॅकबुक का नको, असं कुणीतरी सुचवेलच. मॅकबुक एअरमध्ये पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही. स्क्रीन आणि बॅटरी उत्तम. ऑक्टोबर २०२४ पासून सुरुवातच १६ जीबीपासून होते. रॅम आणि साठवण दोन्ही कायमची, हे लक्षात ठेवायचं. पण तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मॅकवर चालतं का? नसेल चालत तर विषय संपला. हाच प्रश्न स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या नव्या विंडोज लॅपटॉपांना विचारा. दिसायला ती विंडोजच असते आणि बॅटरीही छान चालते, पण आतली रचना वेगळी असल्याने जुन्या प्रिंटरचा किंवा स्कॅनरचा ड्रायव्हर त्यावर चालेलच असं नाही. परवान्यासाठी पेन ड्राइव्हसारखी किल्ली लावावी लागणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर आणखीच जपून. घेण्याआधी सॉफ्टवेअर कंपनीला फोन करा.

तोंडं, म्हणजे पोर्ट, घरी असलेल्या वस्तू मोजून बघा. प्रिंटर आणि पेन ड्राइव्हसाठी जुन्या पद्धतीचे निदान दोन यूएसबी, जुन्या मॉनिटरसाठी एचडीएमआय. तो मॉनिटर टाकू नका. घरी बसून काम करताना लॅपटॉप त्याला जोडला की मूळ मजकूर एका स्क्रीनवर, अनुवाद दुसऱ्यावर, आणि मान खाली घालून बसावं लागत नाही. मॉनिटरला फक्त निळ्या प्लगचं व्हीजीए असेल तर एचडीएमआयवरून बदलून देणारं छोटं अडॅप्टर मिळतं. यूएसबी-सी तोंडातून चार्ज होणारा लॅपटॉप मिळाला तर बघाच. चार्जर बिघडला किंवा विसरला तर पुरेशा वॉटचा दुसरा कुठलाही सी-टाइप चार्जर चालतो. मात्र दिसायला सारखं असलेलं प्रत्येक सी तोंड चार्ज करतंच असं नाही, माहितीत 'पॉवर डिलिव्हरी' लिहिलेलं हवं.

बजेट फारच ओढाताणीचं झालं तर कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेले, लॅपटॉप बघा: थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या मालिकांतले. त्यांचे की-बोर्ड आणि बिजागऱ्या नव्या स्वस्त लॅपटॉपांपेक्षा बऱ्याचदा सरस असतात. दोन अटी. विंडोज ११ च्या यादीत बसणारा प्रोसेसर हवा, आणि विक्रेत्याने विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून दाखवला पाहिजे. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसते. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वळता करून मागा.

वॉरंटीत एकच विचारा: माणूस घरी येतो, की लॅपटॉप घेऊन जावं लागतं? तुमचं काम त्याच्यावर चालतं, म्हणून घरी येणारी वॉरंटी थोडी महाग पडली तरी घ्या. रॅम किंवा एसएसडी स्वतः बदलली तर वॉरंटी जाते का, हेही लेखी घ्या.

लॅपटॉप घरी आल्यावर पहिल्याच दिवशी टास्क मॅनेजर उघडून रॅम आणि प्रोसेसरचा क्रमांक बिलाशी ताडून बघा. सगळी तोंडं, कॅमेरा, माइक तपासा. बदलून मिळण्याची मुदत संपेपर्यंत खोकं फेकू नका. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन केलं की बहुतेक नव्या लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. चोरी झाली तर हे चांगलंच आहे, पण उद्या मदरबोर्ड गेला तर डिस्क वाचायला ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती तुमच्या खात्यात साठवलेली असते. आजच उघडून कागदावर उतरवा, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. मुलीसाठी वेगळं युजर अकाउंट करा, अ‍ॅडमिनचे अधिकार न देता. लोकांचे हिशेब आणि तिचे मित्रमैत्रिणींनी पाठवलेले प्रोग्राम एकाच खात्यात नकोत.

फोटोंचं शेवटचं. जुन्या डेस्कटॉपची ३.५ इंची डिस्क बाहेर काढून लॅपटॉपला जोडायची असेल तर नुसती यूएसबी केबल पुरत नाही, तिला १२ व्होल्टचं वेगळं अडॅप्टर असलेला जोड लागतो. लॅपटॉपवर घेतल्यानंतरही बाहेरच्या डिस्कवरची प्रत पुसू नका, आणि एक प्रत घराबाहेर ठेवा, क्लाउडवर किंवा बहिणीकडे. दर काही महिन्यांनी त्या प्रतीतले चार-दोन जुने फोटो खरंच उघडून बघा. बॅकअप 'झाला' असं दाखवणारी खूण आणि उघडणारा फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनी डिस्क मात्र फोटो दोन्हीकडे नीट उघडल्याची खात्री होईपर्यंत पुसूही नका आणि कुणाला देऊही नका.